सावलीचं ताट

आमच्या खाणावळीत येणारं माणूस एकदम दिसत नाही. जपानच्या उत्तर टोकाला, आमच्या कुशिरो बंदरात जून लागला की समुद्रावरून धुकं चढतं आणि दाराशी येऊन असं ठाण मांडतं की गिऱ्हाईकसुद्धा तुकड्यातुकड्यानं आत येतं. आधी दारावरचा पडदा हलतो, मग एक हात दिसतो, मग टोपी, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोवर मी मासा जाळीवर नाहीतर पातेल्यात टाकलेला असतो, कारण नुसत्या हातावरून मला कळतं कोण आलंय ते. नागामिने टॅक्सीवाला असेल तर खारवलेला सॅमन, कातडी चांगली करपवून. ओरिकासा बाई असतील तर उकडलेला कॉड आणि भात निम्मा. चाळीस वर्षं मी हेच करतोय. माझं नाव नुमाता तोकुझो, आणि ही आठ खुर्च्यांची खाणावळ माझी आहे. म्हणजे माझी आणि माझ्या बायकोची, इकुएची. नुसतं ‘माझी’ म्हटलं की तिची भुवई वर जाते, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

आठ म्हणालो खरं, पण गिऱ्हाइकाला बसायला सातच. दाराजवळची, खांबाआडची आठवी खुर्ची रोज अडलेली असते. तिच्यासमोर इकुए सकाळी अकराला, खाणावळ उघडल्याचा पडदा दारावर लावायच्या आधी, एक ताट मांडते. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं, आणि झाकणाच्या लाखेच्या वाटीत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार. जेवायच्या काड्या आडव्या ठेवते, चहा ओतते. खुर्चीवर मात्र कोणी नसतं. घरचं माणूस लांब गेलं की त्याच्या नावानं असं सावलीचं ताट वाढायचं, म्हणजे ते असेल तिथं उपाशी राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. जेवणवेळ सरली की साराचं झाकण उचलून बघायचं. आतून दव धरलेलं असलं तर माणूस सुखरूप. कोरडं निघालं तर काय, ते कोणी मोठ्यानं बोलत नाही.

हे ताट चिनात्सुचं. आमची एकुलती एक पोरगी. सात वर्षांपूर्वी घर सोडून गेली, ती माझ्यामुळे गेली.

झालं असं की त्या वर्षी फेब्रुवारीत मी तापानं तीन दिवस अंथरुणात होतो. खाली खाणावळ चिनात्सुनं चालवली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि दोन वर्षं माझ्यामागे लागली होती, बाबा, एक दिवस तरी चुलीपाशी मला उभं राहू द्या. मी म्हणायचो, भांडी घास आधी नीट. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी जिना उतरून खाली आलो, तर आठातल्या सात खुर्च्या भरलेल्या, आणि नागामिने रिकामी वाटी पुढं करून म्हणतोय, “चिनात्सु, अजून एक सार दे गं. हे काय घातलंयस काय यात?” तिनं सुके मासे उकळायच्या आधी जरा परतून घेतले होते, एवढंच. मी पळी घेतली, चाखलं.

सार चांगलं होतं. फार चांगलं होतं. तेच तर दुखलं. तेहतीस वर्षांत माझ्याकडे कोणी दुसरी वाटी मागितली नव्हती. माझं डोकं सणकलं, मी पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळ्यांदेखत मोरीत उपडं केलं. म्हणालो, “असलं खारट पाणी माझ्या खाणावळीत चालणार नाही.”

तिनं एप्रन काढला, चार घड्या घातल्या, दाराजवळच्या आठव्या खुर्चीवर ठेवला, आणि हिरवा रेनकोट चढवून गेली. दुसऱ्या दिवशी अकराला इकुएनं एप्रन उचलून ताट मांडलं. मला एक शब्द विचारला नाही. मीही एका शब्दानं अडवलं नाही. आडमुठेपणात आम्ही दोघंही एकमेकांना हार जाणारे नाही.

पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकलं की या झाकणाचं काही खरं नाही. वाटी चिनात्सुची लहानपणची, कडेला टवका उडालेला, झाकण नीट बसत नाही. वर दाराजवळचा वारा. अकराला वाढलेलं सार साडेबारापर्यंत निवून जातं, आणि अडीचला, इकुए झाकण उचलते त्या वेळी, ते ठणठणीत कोरडं असणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि इकुए त्यावर विश्वास ठेवून बसलेली. मनात म्हटलं, ही बाई एक दिवस ते झाकण उचलेल आणि तिथंच कोसळेल.

म्हणून मी एक लबाडी सुरू केली. अडीचला पाच मिनिटं असताना इकुए पडदा काढायला आणि पायऱ्या झाडायला बाहेर जाते. ती गेली की मी उकळतं सार पळीत घ्यायचो, खांबाआड जायचो, थंड सार मोरीत टाकायचो आणि वाटीत कढत सार घालून झाकण लावायचो. ती आत येऊन हात धुवायची, ओल्या हातानं झाकण उचलायची, आत टपोरे थेंब. “आहे बरी,” एवढं म्हणायची आणि त्याच खुर्चीवर बसून ते ताट स्वतः जेवायची. मी पाठमोरा उभा राहून जाळी घासत असायचो. सात वर्षांत एक दिवस चुकला नाही. सणासुदीला खाणावळ बंद असली तरी ताट असायचंच, आणि मी पळी घेऊन असायचोच.

वरून मात्र मी बडबडायचो. एक खुर्ची फुकट जाते, या काळात कोण मानतं हे सगळं, असं. नागामिनेला तर ते ताट म्हणजे गंमतच झाली होती. तो सातव्या खुर्चीवर, ताटाच्या अगदी शेजारी बसतो. “मालक,” तो म्हणायचा, “तुमची पोरगी आज फारच कमी जेवली हो.”

“गप गिळ,” मी म्हणायचो.

“नाही, म्हणजे मासा खाणार नसेल तर मी संपवू का? वाया कशाला?”

“हात लावून बघ. पळी घालीन डोक्यात.”

“वहिनी, ऐकताय ना? गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत?”

“तुम्हाला गिऱ्हाईक कोण म्हणतं,” इकुए आतून म्हणायची. “तुम्ही तर खांब आहात इथला दुसरा.”

ओरिकासा बाई हसायच्या नाहीत. त्या निवृत्त परिचारिका. भात निम्मा खायच्या, बिनकाट्याचा तुकडा आधी वेगळा काढायच्या आणि निघताना आठव्या खुर्चीपुढं हलकेच मान लववायच्या, एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाला लववावी तशी. ते बघितलं की मी उगीचच ओरडायचो, दार ओढून घ्या, धुकं आत येतंय.

धुकं यायचंच आत. दुपारी दोन ते अडीच ही आमच्याकडे मोठी विचित्र वेळ. गिऱ्हाईक सरलेलं असतं, बंदरातून एखाद्या बोटीचा भोंगा येतो, आणि पातेल्यातली वाफ आणि दारातलं धुकं यांतलं कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही. मी स्टुलावर टेकतो, डोळे जड होतात. मग चिनात्सु दिसायची. कधी आठ वर्षांची, पाय खुर्चीवरून लोंबकळत. कधी सव्वीसची, हिरव्या रेनकोटात. कधी दोन्ही एकदम, आणि स्वप्नात त्याचं काही वाटतही नाही. ती वाटी तोंडाला लावायची आणि विचारायची, “बाबा, मीठ बरोबर आहे?” मी ‘बरोबर आहे’ म्हणायला तोंड उघडायचो आणि जाग यायची. दर वेळी तिथंच. सात वर्षांत एकदाही उत्तर पुरं झालं नाही.

बातमी म्हणाल तर वर्षातून एकदाच. जानेवारीत इकुएच्या वाढदिवसाला एक चित्राचं कार्ड यायचं. पत्ता नाही, मजकूर दोन ओळी. मी बरी आहे, तुम्ही दोघं जपा. पण चित्रं बंदरांची असायची आणि शिक्क्यावर गाव असायचं. पहिलं ओसाका. मग नागोया. मग सेंदाई, दोन वर्षं सेंदाईच. मग हाकोदाते, म्हणजे समुद्र ओलांडून आमच्या बेटावर आली होती. मग तोमाकोमाई. मी कोणाला न सांगता भिंतीवरच्या नकाशात बघायचो आणि माझ्या लक्षात आलं होतं, पोरगी हळूहळू घराकडे सरकतेय. यंदाचं कार्ड कुठलं असेल, याची मी डिसेंबरपासून वाट बघत होतो. आणि यंदा कार्ड आलंच नाही.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी इकुएला एकदा विचारलं, “टपाल काय आलं?” ती म्हणाली, “विजेचं बिल.” आणि कांदा चिरायला लागली. तिच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. मार्चमध्ये चार दिवस बहिणीकडे जाऊन आली, मेमध्ये पुन्हा गेली. मी म्हटलं, मन रमवायला जात असेल बिचारी. ती नसताना ताट मी मांडलं नाही, ते तिचं काम. पण कपाटातली वाटी काढून अडीचला एक पळी घातली, उगाच, कोणी बघणारं नसताना. आता मी फक्त तिला फसवत नव्हतो, स्वतःलाही फसवत होतो. थेंब बघितले की मलाच बरं वाटायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र धीर सुटला. एका गुरुवारी साडेबाराला मी एप्रन सोडला आणि इकुएला म्हणालो, “दाढ दुखतेय. दाखवून येतो.”

“इतक्या गर्दीत?” ती म्हणाली. “सहा जण बसलेत.”

“दाढेला गर्दी कळते का?”

मी गेलो पोलीस चौकीत. हरवलेल्या माणसाचा अर्ज मागितला. समोरचा पोलीस तरुण होता, फार सभ्य, त्यानं चहा दिला आणि विचारायला लागला. शेवटचं कधी पाहिलं? अंगात काय होतं? हिरवा रेनकोट, म्हटलं, पण सात वर्षांपूर्वी. त्यानं पेन थांबवलं, मग पुन्हा चालवलं.

“घरी काही वाद झाला होता का, आजोबा?”

“नाही,” म्हणालो. मग म्हणालो, “हो.”

“कशावरून?”

आता काय सांगू? “सारावरून,” म्हणालो.

“कशावरून?”

“मिसोच्या सारावरून. तिनं चांगलं केलं होतं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, हसला नाही, बिचाऱ्यानं खाली मान घालून ‘घरगुती कारण’ असं लिहिलं. फोटो आणून द्या म्हणाला. बाहेर पडलो तर धुकं इतकं दाट की माझीच चप्पल मला दिसेना. बस गोगलगायीच्या चालीनं निघाली. चालक दर थांब्यावर खाली उतरून, थांबा आहे ना, हे हातानं चाचपून बघायचा. खिडकीतून काही दिसत नव्हतं. फक्त पांढरं, आणि त्यात कुठंतरी दिव्याचा पिवळा ठिपका. मला डुलकी लागली असावी, कारण शेजारी कोणीतरी वाटी घेऊन बसलंय असं वाटत राहिलं. जाग आली आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. तीन वाजायला दहा मिनिटं.

 सात वर्षांत पहिल्यांदा, पळी नाही.

धावत आलो म्हणण्यात अर्थ नाही, माझं वय अडुसष्ट, पण जे काय ते केलं. पडदा काढलेला होता. आत इकुए आठव्या खुर्चीशेजारी उभी होती, आणि झाकण तिच्या हातात होतं, उपडं. कोरडं. ती रडत नव्हती. नुसती बघत होती, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

“इकुए, ऐक,” मी म्हणालो. धाप लागली होती. “त्यात काही नाही. ते झाकण फुटकं आहे. रोज कोरडंच असतं ते. रोज. मी ओततो वरून. तू झाडायला गेलीस की उकळतं सार घालतो मी. सात वर्षं. आज उशीर झाला म्हणून, बाकी काही नाही. चिनात्सुला काही झालेलं नाही. झाकणाला काय कळतंय?”

 ती खुर्चीवर बसली, त्या आठव्या, आणि झाकण मांडीवर घेतलं.

“म्हणजे तुम्ही ओतायचं सोडलं नाहीत?”

“काय?”

“मला वाटलं, आज सोडलंत. दमलात. दाढेचं निमित्त काढून गेलात.” तिचा आवाज आता कुठं हलायला लागला. “अहो, अकराला वाढलेलं सार अडीचला घाम धरेल का? चाळीस वर्षं खाणावळीत काढली मी. एवढं कळत नाही मला?”

“कळत होतं?”

“आणि चार पायऱ्या झाडायला पाच मिनिटं लागतात का कधी? थंडीत कुडकुडत उभी राहायचे बाहेर, तुमचं आटपेपर्यंत. एकदा तर तुमच्या हातून पळी पडली, तर अजून दोन मिनिटं थांबले.”

मी म्हणालो, “मग झाकण उचलून बघायचीस काय?”

“तुम्हाला,” ती म्हणाली. “तुम्ही अजून वाढताय का, ते. जोवर वाढताय, तोवर एक ना एक दिवस उठून जाल तिला आणायला, असं वाटायचं. आज कोरडं निघालं आणि वाटलं, संपलं. आता ही बाप-लेक दोघं कधी भेटायची नाहीत.”

मी खिशातून पोलीस चौकीचा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचला. ‘घरगुती कारण’पाशी आली आणि हसली की रडली कोण जाणे, दोन्ही एकदम. मग उठली आणि म्हणाली, “ते ताट उचला.”

“का?”

“उचला म्हणते ना. सात वर्षांत एकदाही उचललं नाहीत. वरून सार ओतता चोरासारखं आणि पळता.”

मी ताट उचललं. खाली एक चित्राचं कार्ड होतं. वर बंदर, बर्फ, आणि मागं शिक्का नेमुरोचा. नेमुरो आमच्यापासून गाडीनं अडीच तास. पूर्ण पत्ता होता, फोनसुद्धा होता. आणि वर नाव होतं ते इकुएचं नाही, माझं. नुमाता तोकुझो यांस. खाली एकच ओळ. ‘बाबा, तुमच्यासारखं सार अजून जमत नाही.’

कार्डाचे कोपरे रोज ठेवून रोज उचलून मऊ पडले होते.

“जानेवारीपासून?” मी ओरडलो. “जानेवारीपासून हे इथं आहे? पाच महिने मी झुरतोय, आणि तू... तुला काही हे? मला विजेचं बिल म्हणालीस!”

“बिलही आलं होतं.”

“माझ्या हातात द्यायला काय झालं होतं?”

“तुमच्या हातांनी पातेलं उपडं केलंत ना?” इकुए म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “मग तिचं ताटही तुमच्याच हातांनी उचलायचं. मी आयतं देणार नव्हते. आणि तीही म्हणाली, आई, सांगू नकोस, त्यांचं त्यांना येऊ दे.”

“म्हणाली? कुठं म्हणाली?”

“मी दोनदा जाऊन आले.”

“बहिणीकडे गेली होतीस ना?”

“तुमची दाढ कशी आहे?” इकुएनं विचारलं.

 पोरगी जिवंत होती, सुखरूप होती, अडीच तासांवर होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि राग तर इतका आला होता की काय करावं कळेना, म्हणून मी ते थंड सार तसंच पिऊन टाकलं. इकुए माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “सकाळच्या गाडीनं जा. एकटे जा. मी फोन करून ठेवते.”

नेमुरोची गाडी म्हणजे एकच डबा. सकाळी त्यात मी, दोन शाळकरी मुली, आणि टोपलीत मांजर घेतलेली एक बाई. गाव सुटलं आणि खिडक्या पांढऱ्या झाल्या. दलदल असावी, मग जंगल, मग समुद्र, आवाजावरून कळायचं तेवढंच. मध्येच गाडी थांबली. रुळांवर हरणं उभी होती, पाच-सहा, धुक्यात पोटापर्यंत बुडालेली, नुसत्या माना आणि कान. चालकानं भोंगा दिला. ती हलली नाहीत. आम्ही त्यांच्याकडे आणि ती आमच्याकडे बघत राहिली. कोणी कुरकुर केली नाही, मांजरसुद्धा गप्प. मला वाटलं, मी अजून स्टुलावरच टेकलोय आणि हे सगळं दुपारी दोन ते अडीचमध्येच चाललंय. आता ती विचारेल, मीठ बरोबर आहे का, आणि आता मला जाग येईल. त्या हरणांनी आणि पुढच्या एका बिघडलेल्या सिग्नलनं मिळून दोन तास खाल्ले.

पत्ता बंदराजवळचा. निळा पडदा, सहा खुर्च्या. मी बाहेर जरा थांबलो, मग हात पुढं करून पडदा बाजूला केला. आतून आवाज आला, “या.” गिऱ्हाइकाला म्हणतात तसा. मग तिनं वर बघितलं. केस आखूड कापलेले, डोक्याला पांढरा पंचा बांधलेला. गालावर एक सुरकुती, ती माझ्या ओळखीची नव्हती. तेहतीस वर्षांची झाली होती. तिच्याही हातात पळी होती.

“तिकडे बसा,” ती म्हणाली. “वाढून ठेवलंय.”

दाराजवळच्या खुर्चीपुढं ताट मांडलेलं होतं. भात, मासा, लोणचं, झाकणाची वाटी. काड्या आडव्या. मी बसलो. काय बोलायचं ते गाडीत चारदा ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हणून झाकण उचललं. कोरडं.

 शहाण्या माणसाला हसू येईल. पोरगी समोर उभी आहे, धडधाकट, आणि मी कोरडं झाकण उलटसुलट करून बघतोय.

“गाडी दोन तास उशिरा आली,” चिनात्सु म्हणाली. “निवलं ते.” तिनं हात पुढं करून माझ्यासमोरची वाटी उचलली, थंड सार मोरीत टाकलं, उकळतं सार पळीनं घातलं, झाकण लावलं आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवलं. “थांबा जरा. आता उघडा. आई म्हणाली, तुमच्याकडे असंच करतात.”

मी उघडलं. थेंब टपोरे होते. एक ओघळून माझ्या बोटावर आला, चांगलाच चटका बसला.

मी प्यायलो. सुके मासे परतलेले होते. पण खाली माझीच चव होती, माझ्या पातेल्याची, आणि तिच्यावर हिची. मी वाटी तळापर्यंत रिकामी केली. दुपारची वेळ, एक कोळी कोपऱ्यात पेपर वाचत होता, त्याच्यादेखत मी म्हणालो, “चांगलं झालंय.” आणि जाग आली नाही, म्हणून पुढचंही म्हणालो. “त्या दिवशीही चांगलंच होतं. फार चांगलं होतं. मी खोटं बोललो.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी चाखलं होतं की.”

“मग कार्डात ‘जमत नाही’ असं का लिहिलंस?”

“शिकवायला तरी याल म्हणून.” ती माझ्याकडे बघत नव्हती, ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. “एवढं एक वाक्य बोलायला सात वर्षं लागली, बाबा? काय करत होतात काय सात वर्षं?”

“तुला सार वाढत होतो,” मी म्हणालो. “रोज. अडीचला.”

ती पाठ करून चुलीकडे वळली. बराच वेळ पातेल्यात पळी फिरवत राहिली. तिचे खांदे हलत होते. कोळ्यानं पेपर आणखी वर धरला. बाहेर बंदरात भोंगा झाला, मग दुसऱ्या बोटीनं त्याला उत्तर दिलं.

मी रिकामी वाटी पुढं सरकवली आणि म्हणालो, “चिनात्सु, अजून एक वाटी दे.”

तिनं नाक ओढलं, वाटी घेतली, काठोकाठ भरली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. या वेळी तिनं झाकण लावलं नव्हतं.